उभा गवा बघायला दाजीपूरला

ज्या माणसाला कुजबुजता येत नाही, त्याला घेऊन जंगलात जाऊ नये. हिवाळ्यात दाजीपूरला जायचं म्हणून मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते. मग मी स्वतः काय केलं तेही सांगावं लागतं, आणि सल्ल्याची सगळी किंमत जाते.

मी लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तेव्हा कोल्हापूर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवत होते, आमचे हे कचेरीत होते, आणि घरात आवाज फक्त एकाच माणसाचा होता: सासऱ्यांचा. त्यांना सगळी पेठ आबा म्हणायची. आबांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं की शेजारणीला वाटायचं आपल्याकडंच मागताहेत. माणूस रागीट मुळीच नव्हता. पहिल्या आठवड्यात ते मला एकदा ‘चहा झाला का?’ असं म्हणाले आणि माझ्या हातून कपबशी पडली, तर तेच बिचारे ओशाळले.

हा आवाज कामावर कमावलेला होता. आबा मूळचे राधानगरीकडचे. तरुणपणी ते सरकारांच्या, म्हणजे महाराजांच्या, शिकारीत हाकारे होते. हाकारे म्हणजे जंगलात रांग धरून चालणारे, डबे वाजवत आणि ओरडत जनावर पुढं पिटाळणारे लोक. त्याला ‘रान उठवणं’ म्हणायचे. त्यात नियम असा, की ज्याला जनावर पहिल्यांदा दिसेल त्यानं तिथंच आरोळी ठोकायची, ‘उठला रं उठला!’ म्हणजे सगळी रांग सावध व्हायची, आणि पलीकडं मचाणावर बंदुका तयार व्हायच्या. आबांची आरोळी दोन डोंगर ओलांडून जायची म्हणे. मला ते खरं वाटतं.

त्या हिवाळ्यात आबांचे डोळे जात आले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, ते काही लागू पडलं नाही. दुसऱ्याचं संक्रांतीनंतर करायचं ठरलं होतं, आणि ह्या वेळी काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा आबा शेजारी येऊन बसले.

“सूनबाई, एक गवा बघायचाय मला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “आबा, तुम्ही तर शेकड्यानं बघितले असतील की.”

“पळताना बघितल्यात. न्हायतर पडल्याला. उभा कवा बघितलाच न्हाय. आम्ही दिसलो की त्यो पळायचाच, आन् पळावा म्हणून तर आम्हास्नी न्यायचे.”

मला एकदम गलबलून आलं. सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. डोळे जायच्या आत माणसं जोतिबाचा डोंगर बघतो म्हणतात आणि ह्यांना रानरेडा बघायचाय, असं त्या दिवसभर भांड्यांना सांगत होत्या. आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. दाजीपूरला जाऊ, पण आबांच्या आवाजाचं काय? मी म्हटलं, बघू. नव्या सुनेच्या अंगात फार उत्साह असतो.

नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही तिघं निघालो. सासूबाईंनी ‘मी नाही’ म्हणत म्हणत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सहा जणांना पुरतील इतक्या शाली बांधून दिल्या. सकाळच्या एस.टी.नं राधानगरीपर्यंत जायचं, पुढं मिळेल ते वाहन. आता थेट गाडी जाते, तुमचं बरं आहे. पण भोगावतीच्या काठानं जाणारा तो रस्ता हिवाळ्यातच बघावा. दोन्ही बाजूला ऊस, आणि जागोजागी गुऱ्हाळं पेटलेली. एस.टी. एका ठिकाणी पाणी घ्यायला थांबली, तर गुऱ्हाळावरच्या माणसानं खिडकीतून आम्हाला केळीच्या पानावर गरम गूळ दिला. पैसे विचारले तर म्हणाला, “पावणं, गुळाचं काय पैसं घ्यायचं?” तुम्ही जाल तेव्हा वाटेत गुऱ्हाळावर थांबाच. बोटं भाजून घ्या.

राधानगरीहून कोकणात गूळ नेणाऱ्या ट्रकमध्ये जागा मिळाली. मला आणि आबांना ड्रायव्हरशेजारी, आणि ह्यांना मागं गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर. चढ लागला तशी हवा बदलली. ऊस संपला, झाडं आली, मग नुसती झाडंच. आबा काचेला नाक लावून बसले होते. त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण वळण आलं की ते गावाचं नाव सांगायचे, आणि बरोबर निघायचं. ड्रायव्हरनं एकदा हळूच मला विचारलं, म्हाताऱ्यास्नी ऐकू कमी येतं का? मी म्हटलं, नाही, त्यांना बोलू जास्त येतं.

दाजीपुरात आम्ही सखाराम तात्यांकडं उतरलो. तात्या आबांचे हाकाऱ्यांच्या रांगेतले जोडीदार. शिकारी बंद झाल्यावर ते म्हशी पाळून राहिले होते. दोघं बऱ्याच वर्षांनी भेटले, आणि भेटताच असे कडाडले की मला वाटलं भांडण जुंपलं. ती ख्यालीखुशाली होती. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुरीनं कापावं असं दही. थंडी अशी, की ताटातला घास तोंडाशी येईपर्यंत निवायचा. जेवणं उरकून शेकोटीभोवती बसलो. दाजीपूरच्या थंडीत शेकोटीला पाठ करून बसायचं असतं हे मला तात्यांनी शिकवलं. पोट आपसूक ऊब धरतं, पाठ धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळभर जंगलात भटकलो. हिवाळ्यातलं हे सगळ्यात मोठं सुख. पावसाळ्यातल्या जळवा गेलेल्या असतात, पायवाटा वाळलेल्या असतात, आणि उन्हात कितीही चाललं तरी घाम येत नाही. गव्याच्या खुरांचे ठसे जागोजागी होते. आबा प्रत्येक ठशात तळहात ठेवून बघायचे. ह्यांनी दुर्बीण आणली होती, कचेरीतल्या साहेबांची, तिच्यातून त्यांनी एक शेकरू आणि बऱ्याच फांद्या पाहिल्या.

संध्याकाळी तात्यांनी आम्हाला एका पाणवठ्यावर नेलं. जुन्या मचाणाच्या फळ्या अजून झाडावर होत्या. मी वर चढताना मनात म्हटलं, एकेकाळी ह्याच फळ्यांवर बंदुका असायच्या आणि आबा समोरच्या जंगलातून ओरडत यायचे. आज ते स्वतः वर होते. तात्यांनी बजावलं, आता एक शब्द नाही. आम्ही बसलो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. समोरच्या कारवीच्या झुडपांत काहीतरी हललं, फांदी मोडल्याचा आवाज आला, तात्यांनी बोट केलं.

आणि आबा मला कानात म्हणाले, “आला काय गं?”

कानात म्हणाले हा त्यांचा समज. समोर एकदम धडधड झाली, कारवी खालपासून वरपर्यंत हलली आणि सगळं शांत झालं. आम्हाला कुणालाच काही दिसलं नाही. तात्या कपाळावर हात मारून हसू लागले, हे माझ्याकडं ‘सांगितलं होतं’ अशा नजरेनं बघत राहिले. आबा हसले नाहीत. खाली उतरल्यावर म्हणाले, “ह्या वक्ताला पाठ बी न्हाय दिसली.” परतीच्या वाटेवर ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि आबांचं गप्प बसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा आवाज हवा होता.

तिसरा दिवस हा शेवटचा. दुपारच्या ट्रकनं परतायचं होतं. पहाटे उठून बघते तो आबा तयार, आणि त्यांनी स्वतःचं तोंड मफलरनं करकचून बांधलेलं. नाकापासून हनुवटीपर्यंत. चहासुद्धा घेतला नाही, कारण मग गाठ सोडावी लागली असती. माझा जीव कळवळला, आणि हसूही आवरेना.

तात्या म्हणाले, आज राधानगरीच्या धरणाच्या पाण्याच्या कडेला जाऊ. हिवाळ्यात सकाळी गवे तिथं गवतावर येतात, आणि मध्ये पाण्याचा फाटा असल्यानं ते या काठाकडं फारसं लक्ष देत नाहीत. आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. धुकं असं दाट, की पाणी कुठं संपतं आणि काठ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. घोंगडीवर दव जमलं होतं. हे पुन्हा पुन्हा दुर्बीण पुसत होते. ऊन वर आलं तसं धुकं पाण्यावरून सुटायला लागलं. आम्ही तिघं डोळे ताणून काहीतरी काळं, मोठं, शिंगांचं शोधत होतो. वर बघत होतो. वर सगळं पांढरंच होतं.

वरचा पांढरा उजेड डोळ्यांना सोसत नव्हता म्हणून आबा खाली बघत होते. धुकं जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उचललं होतं, आणि पलीकडच्या काठावर त्या फटीत चार पांढरे पाय उभे होते. गव्याच्या पायांत जन्मजात पांढरे मोजे असतात. काळं अंग धुक्यात होतं. आम्हा डोळसांना काही दिसलं नव्हतं, त्यांना ते पाय दिसले.

पुढं झालं ते त्यांच्या हातात नव्हतं. आयुष्यभराची सवय. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं आरोळी ठोकायची. त्यांनी हिसक्यानं मफलर खाली ओढला, उभे राहिले आणि ठोकली:

“उठलाऽऽ रं उठलाऽऽ!”

पाण्यावरून ती आरोळी गेली आणि डोंगरावर आपटून परत आली. पाणकोंबड्या फडफडून उडाल्या. ह्यांच्या हातून साहेबांची दुर्बीण पडली. मी डोळे गच्च मिटले. माझ्या मनात एवढंच आलं, गेलं, ह्या माणसाच्या हातानंच गेलं. आबांच्याही ते तोंडातून बाहेर पडल्यावर ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

तेवढ्यात तात्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “उठला कुठं? उभाच हाय की त्यो.”

मी डोळे उघडले. धुकं आता पार वर गेलं होतं. पलीकडं एक तरुण गवा उभा होता, काळाभोर, उन्हात पाठ चकाकत असलेला. त्यानं मान वर केली होती आणि सरळ आमच्याकडं बघत होता. तोंडातून गवताच्या काड्या लोंबत होत्या. तो बघत राहिला, आम्ही बघत राहिलो. मग त्यानं कान झाडला, मान खाली घातली आणि पुन्हा चरायला लागला.

आबा हळूहळू खाली बसले. हात अजून तोंडावर होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढले.

“सखाराम,” ते म्हणाले, “ह्यो मला वळखत न्हाय.”

“कसा वळखंल?” तात्या म्हणाले. “शिकारी बंद झाल्यावर जल्मलेला दिसतोय. ह्यानं हाका ऐकल्यात कवा?”

“बरं झालं,” आबा म्हणाले. “लई बरं झालं की.”

गवा पोटभर चरून, पाणी पिऊन, त्याच्या सवडीनं झाडीत गेला. तोवर आम्ही कुणी हललो नाही. मग मी बांधून आणलेले धपाटे सोडले आणि आबांनी पाच खाल्ले.

परतीच्या ट्रकमध्ये ते ड्रायव्हरला सगळी हकीकत सांगत होते, आणि मागं रिकाम्या पोत्यांवर बसलेल्या ह्यांना ती शब्दन् शब्द ऐकू येत होती. मंगळवार पेठेत पोचलो तर सासूबाई दारातच होत्या. दिसला का रेडा, असं त्यांनी फणकाऱ्यानं विचारलं. आबा म्हणाले, दिसला, आणि पुढच्या वेळी तूबी चल. सासूबाई आत निघून गेल्या, पण रात्री जेवताना त्यांनी आपणहून विचारलं, किती मोठा होता?

संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मी तिथं होते. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? आबा डॉक्टरांच्या पांढऱ्या पाटलोणीकडं बराच वेळ बघत राहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, “पाय दिसाय लागल्यात. थांबा, वरचं बी दिसंल.” आणि दिसलं. जाड भिंगाच्या चष्म्यातून का होईना, त्यांना पुढं पुष्कळ वर्षं दिसलं. सासूबाईंनाही ते एकदा दाजीपूरला घेऊन गेले, पण गव्यानं दर्शन दिलं नाही, आणि त्याबद्दल त्या शेवटपर्यंत आबांच्या आवाजाला बोल लावत राहिल्या.

आता तिथं अभयारण्य आहे, परवानगी काढून जावं लागतं, आणि हळू बोला अशा पाट्या लावल्या आहेत. पाट्यांचं ऐका. थंडीतच जा, पहाटे पाण्याकाठी बसा, शेकोटीला पाठ करा. आणि एवढं सगळं करूनही तुमच्यातलं कुणी आनंदानं ओरडलंच, तर त्याच्यावर लगेच डोळे वटारू नका. आधी गव्याकडं बघा.