नार्व्याने लावलेली बोली

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत असा एकही माणूस सापडणार नाही, जो माझ्या बायकोच्या मामांना समोरून येताना पाहून कधी ना कधी दुसऱ्याच्या परसातून पळाला नाही. मीही पळालोय, जावई असून. मामा कुणाचे वाईट करणाऱ्यांतले नव्हेत. फक्त त्यांच्या घरभर आजारी कुत्रे असतात आणि त्यांच्या औषधपाण्याला लागणारा पैसा तुमच्या खिशात आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते.

जन्मभर बसवर कंडक्टरकी केलेली, त्यामुळे कुत्रा ज्या गावच्या स्टॉपवर सापडला त्या गावाचे नाव त्याला. "हळर्णाला जुलाब झाले", "फोंड्याने डोळा उघडला" अशा बातम्या आम्ही चहाबरोबर ऐकतो. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून उंडे घेऊन आला की दात नसलेल्यांना आतला मऊ पाव, दातवाल्यांना वरचा कडक पापुद्रा, आणि काही उरलेच तर मामींना. माणसे तर त्यांना नावाने आठवतच नाहीत. कुणी कुठल्या उपचाराचा खर्च उचलला, तीच ओळख. एका लग्नात त्यांनी मला वरपित्यापुढे उभे केले आणि अभिमानाने म्हणाले, "हे जावयबापू. आमच्या फोंड्याचो मागचो उजवो पाय." वरपित्याने मला नमस्कार केला, पण जेवायला तो लांब जाऊन बसला.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी मामांनी नार्व्याला आणले. पिवळा, हाडे मोजून घ्यावीत असा, आणि पोटात नारळाएवढी गाठ. आठवड्यात ऑपरेशन केले तर वाचेल, असे डॉक्टर म्हणाले. मामांची पेन्शन हळर्णाच्या मूत्रपिंडात गेली होती आणि गावातली सगळी परसे एव्हाना पळवाटा झाली होती. राहिली एकच जागा, गणपतीच्या मांडवातली पावणी. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या फळभाज्यांचा शेवटच्या दिवशी लिलाव होतो, ती पावणी. देवाची वस्तू, त्यामुळे एकदा केलेली बोली मागे घेता येत नाही. मामांनी बांधलेल्या कोहाळ्याचे पैसे नार्व्याला द्यायचे, हे समितीने निव्वळ कंटाळून कबूल केले होते.

मामांनी कोहाळा डोक्यावर धरला. शेजारी गोणपाटावर नार्वे धापा टाकत पडलेला. मंडळी आपापल्या पायांचे अंगठे निरखू लागली. शेवटी दुकानदाराला दया आली आणि त्याने हात वर केला. "शंभर."

त्याबरोबर नार्वे भुंकला. त्याला पूर्वी कुणीतरी फार मारले असावे. कुणाचाही हात वर गेला की तो अंग चोरून भुंकायचा. मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोनशे. नार्व्याची बोली."

अध्यक्ष उठले. "मामानू, कुत्र्याची बोली धरतास?"

"मांडवातल्या कोणीय बोली करूची, असा तुमीच फळ्यार लिवलास," मामा शांतपणे म्हणाले. "कुत्र्यान लावल्यान, आणि तुमी माणसा असून गप?"

देवाच्या माटोळीचा कोहाळा कुत्रा घेऊन जाणार, हे गावाला काही सोसेना. अध्यक्षांनीच हात वर केला. नार्वे भुंकला. दुकानदाराने केला. नार्वे भुंकला. मागचे लोकही ईर्ष्येला पेटले. एकाने तर नार्व्याकडे रोखून पाहत "बघतंय तुका" म्हटले. मी पोट धरून हसत होतो. मग दिसले की दर भुंकण्यासरशी नार्वे कळवळतोय. माझे हसू तिथेच थांबले. मी दोन्ही हात खिशात घातले आणि नुसत्या तोंडाने ऑपरेशनला पुरेल एवढी बोली केली. नार्वे गप्प राहिला. एक वार, दोन वार, तीन वार झाले. त्या कोहाळ्याचे सांडगे आम्ही वर्षभर मोजून तळले.

गाठ निघाली, नार्वे वाचला.

यंदा मामांनी पुन्हा कोहाळा डोक्यावर धरला, हळर्णाच्या सलाईनसाठी. नार्वे शेजारी बसलेला, अंगाने चांगला भरलेला. दुकानदाराने हात वर केला. मामा थांबले, सगळा मांडव थांबला. नार्व्याने त्या हाताकडे पाहिले, शेपटी एकदा आपटली आणि मोठी जांभई दिली. कोहाळा आता मातीमोलाने जाणार, हे मामांना कळले असणारच. तरी ते डोळे पुसत मामींना म्हणाले, "भय गेला गो तेचा."

मी हात वर केला आणि बोली सांगायचीच विसरलो. नार्वे उठला, माझ्याजवळ आला आणि त्या वर गेलेल्या हाताखाली निवांत बसला.