फाट्यावरचा माझा फ्लेक्स

तो गेम यायच्या आधी दोन-तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. धाकटा भाऊ नगरला कॉलेजला आहे. सुट्टीला कर्जतकडे आमच्या गावी आला की ताटावर बसूनसुद्धा त्याच्या जाहिराती दाखवायचा. विमानातून उडी मारायची, बेटावर उतरायचं, सापडेल ती बंदूक उचलायची आणि जगभरातून आलेल्या शंभर जणांत शेवटपर्यंत जिवंत राहायचं. असा गेम आजवर झाला नाही, असं त्याचं आणि त्याच्या मित्रांचं ठाम मत होतं, आणि तो तर अजून कोणी खेळलाही नव्हता. मी त्यांची यथेच्छ टिंगल केली.

मी गावातलं दूध संकलन केंद्र चालवते. सकाळचं दूध घेऊन टँकर गेला की संध्याकाळपर्यंत केंद्रात मी आणि दूध तपासायचं यंत्र, दोघंच. रेंजही तिथेच चांगली. गेम आला त्या दिवशी भावाच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून त्याने तो माझ्या फोनमध्ये घेतला आणि कॉलेजला जाताना तसाच ठेवून गेला. दुपारी सहज उघडला. पहिल्याच डावात मी शंभरात पहिली आले. पडद्यावर फटाके उडाले, सोन्याची अक्षरं आली. दुसऱ्या डावातही तेच. तिसऱ्या डावाला तर मी पदर खोचून बसले. मला वाटलं, जाहिरातवाल्यांनी कमीच सांगितलं होतं, आणि आपल्या हातात ही कला होती ती आजवर भांडी घासण्यात वाया गेली.

भावाला फोटो पाठवले, ही माझी चूक म्हणायची तर म्हणा. चार दिवसांनी फाट्यावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे वाढदिवस, निवड, नवा ट्रॅक्टर, कशालाही फ्लेक्स लागतो, पण कुंकू लावलेल्या नवरीशिवाय दुसऱ्या कुठल्या मुलीचा फोटो तिथे मी पाहिला नव्हता. आता मी होते. डोळ्यांवर काळा गॉगल, जो मी आयुष्यात घातला नाही, हातात बंदूक, मागे वाघ. वर ‘गावची वाघीण, प्रथम क्रमांक’, खाली शुभेच्छुक म्हणून भावाच्या मित्रांची रांग, सगळे फोन कानाला लावून.

मला लाज वाटायला हवी होती, पण आनंद झाला. आबांना त्याहून जास्त झाला. मी केंद्र घेतलं तेव्हा हे बाईमाणसाचं काम नाही म्हणून माझ्याशी महिनाभर न बोललेले माझे वडील, ते आता घरचा चहा सोडून फाट्यावर चहाला जायला लागले. तिथे बाकावर फ्लेक्सकडे तोंड करून बसतात, असं टँकरच्या ड्रायव्हरने मला सांगितलं. कोणी विचारलं की म्हणतात, आमची पोरगी हाय.

पुढच्याच आठवड्यात मला संशय आला. माझ्यासमोर येणारी माणसं सरळ रेषेत पळायची. गोळी लागली तरी आडोसा घ्यायची नाहीत. एक जण तर भिंतीला तोंड लावून उभा होता. मी मुद्दाम त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याच्याभोवती फिरले, तरी हलेना. दुधात पाणी असलं की यंत्राआधी माझ्या डोळ्याला कळतं. तेच मला तिथे दिसायला लागलं.

भाऊ आल्यावर विचारलं. तो शांतपणे म्हणाला की नव्या खेळाडूंसमोर सुरुवातीला खरी माणसं देतच नाहीत, गेमच आपल्या बाहुल्या सोडतो, खरी माणसं वरच्या पायरीवर भेटतात. लोक खूश होतात आणि टिकतात. हे सगळ्यांना माहीत असतं.

“मग फ्लेक्स का लावला?” मी विचारलं.

“ताई, फ्लेक्स काय खरं-खोटं बघून लावत्यात का?”

त्या दिवशी सकाळीच मी सख्ख्या काकूचं दूध परत पाठवलं होतं. पाण्यामुळे डिग्री बसत नव्हती. काकू किटली उचलून, मला ऐकू येईल अशा बेताने बोलत गेल्या. नात्यातलं असो की सरपंचाच्या घरचं, पाणी घातलेलं दूध मी घेत नाही, एवढीच माझी गावात पत आहे. आणि फाट्यावर माझाच फोटो, त्यावर पाण्याचा पहिला नंबर. उद्या हे कोणाला कळलं तर मी कुठल्या तोंडाने कोणाचं दूध परत करणार होते? मी गेमला मनसोक्त शिव्या दिल्या आणि काढून टाकला.

फ्लेक्स उतरवा म्हटलं तर पोरं हसली. मग मी आबांना सगळं सांगितलं. आधी त्यांना बाहुल्या म्हणजे काय ते कळेना. कळलं तेव्हा मला त्यांचं तोंड बघवेना.

“मंग खरी मानसं कुठं खेळत्यात?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वरच्या पायरीवर.

“मंग वर जा की.”

त्याच दुपारी मी गेम पुन्हा घेतला. ठरवलं, एकदा खऱ्या माणसांत पहिली यायचं. तोवर फ्लेक्स राहू दे. आबांच्या बाकापुढून तो मला काढवत नव्हता, हेही खरं.

वरच्या पायरीवर गेले आणि जमिनीला पाय लागायच्या आत मरायला लागले. कोण मारतंय हेही दिसायचं नाही. जोडीला आलेल्या एकाने माझा आवाज ऐकून स्वयंपाक आटोपला का म्हणून विचारलं. मी माईक बंद केला नाही. म्हटलं, आटोपला, तू मागं बघ. त्याने बघितलं नाही आणि मेला. हळूहळू मी पावलांचे आवाज ओळखायला शिकले, दार उघडं दिसलं की आत न शिरायला शिकले, धीर धरून गवतात पडून राहायला शिकले. रोज हरत होते आणि रोज दुपारची वाट बघत होते. हा गेम खरोखर चांगला आहे असं मला तेव्हा वाटलं. जाहिरातीत दाखवला होता तो नव्हे, हा दुसराच.

मग एका रविवारी, आठवडाभर हरल्यावर, मी पहिली आले. फटाके, सोन्याची अक्षरं. भाऊ शेजारीच होता, त्याने लगेच फोटो काढायला फोन काढला. मी त्याचा हात धरला. शेवटचे चौघे सरळ रेषेत पळत आले होते. मी फार हरले म्हणून गेमला माझी दया आली होती.

“पाणी हाय ह्यात,” मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, कोणाला कळतंय. मला कळत होतं. आणि आपण ज्याची वाट बघतोय ते हा गेम कधीही असंच गोड करून वाटीत घालेल, आणि त्या दिवशी मला ते हवंहवंसं वाटेल, याची मला भीती वाटली. मी केंद्रातली शिडी घेतली, भर दुपारी फाट्यावर गेले आणि फ्लेक्स बांधलेल्या तारा कापल्या. आबा बाकावर होते. ते उठले आणि त्यांनी खालून शिडी धरली. चहावाल्याने विचारलं, वाघिणीला कुणी उतरवायला लावलं.

“तिनंच,” आबा म्हणाले. “तिला पटंना.”

फ्लेक्सची घडी काखेत मारून ते माझ्याबरोबर केंद्रावर आले. संध्याकाळच्या दुधाला अवकाश होता. पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, तो खेळ बघू तरी कसा असतो. मी खुर्ची सरकवली, फोन दोघांच्या मध्ये धरला, वरच्या पायरीवरचा डाव लावला. विमानातून उडी मारली, एका घराच्या छपरावर उतरले, बंदूक उचलायला वाकले, आणि कुठूनशी गोळी येऊन मेले.

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग समाधानाने मान हलवली.

“ही खरी मानसं दिसत्यात,” ते म्हणाले. “लाव परत.”