सविताला विचारलं ते शैलाताईंनीच

आदरणीय शैलाताईंची आणि माझी पहिली भेट परभणीत, बसस्थानकामागच्या त्यांच्या खोलीत झाली. विमा कार्यालयातून निवृत्त झाल्यावर ताई तिथं बसून दिव्यांगांना आरोग्य विम्याची योजना निवडायला मदत करू लागल्या होत्या. मी निवृत्त शिक्षक, हातभार लावायला गेलो. "मास्तर, आधी या अटी मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या पानावर घसा बसला, आणि निम्मंही कळलं नव्हतं. "आता समजलं, लोक न वाचता सही का करतात?" मला रागच आला होता, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

ताई स्वतः कुबडी घेऊन चालतात. योजनेच्या यादीतलं रुग्णालय स्वतः पाहिल्याशिवाय त्या योजना सुचवत नाहीत. "चाकाच्या खुर्चीसाठी मागं उतार आहे की," असं एका रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणाले, तेव्हा ताईंनी त्यांनाच चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि मला ढकलायला लावलं. उतार इतका उभा की निम्म्यावरच मला दम लागला. उतार पुढं दुरुस्त झाला.

सेलूच्या सविताची गोष्ट तिच्या परवानगीनं लिहितो. पाठीच्या कण्याला मार लागून तिचे पाय गेलेले. मी तिच्या भावाला सगळं विचारून एक खाजगी योजना ठरवली. "जुना आजार?" "काहीच न्हाई," भाऊ म्हणाला. सविता खाली बघत होती. मी सहीसाठी भावापुढं पेन केलं.

ताई भावाला म्हणाल्या, "दादा, तुमी जरा चहा घेऊन या."

तो गेल्यावर ताईंनी सवितालाच विचारलं, तेव्हा ती हळूच बोलली, "लघवीच्या नळीमुळं सारखा ताप येतो. दादासमोर कसं सांगू?"

माझ्या योजनेत जुन्या आजाराला पहिली काही वर्षं संरक्षण नव्हतं, आणि लपवला असता तर दावाच फेटाळला गेला असता. ताईंनी पहिल्या दिवसापासून जुना आजार धरणारी सरकारी योजना काढली, परभणीतच उपचार मिळतील अशी. सही सवितानं केली.

काही महिन्यांनी तिला जोराचा ताप भरला, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. उपचार वेळेत मंजूर झाले. "सर, मी बोलायलेय, बरी हाय," तिचा फोन आला, आणि मला रडू आवरलं नाही.

माझी ती चूक ताईंनी आजवर कुणालाही सांगितली नाही. पंचाहत्तरीच्या या गौरवअंकात मीच सांगतो. ताई, आम्ही अजूनही चुकतो. तुम्हाला निरोगी शंभर वर्षं लाभोत, आम्हाला तुमची गरज आहे.