भुंगेरा तो भुंगेरा?

उडद्याचा मला मनस्वी राग आहे. उडदाच्या दाण्याएवढा भुंगेरा, पण ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीचा डोळा फुगला की हा मेला तोच कोरून खातो. डोळा गेला की घड गेला. सकाळच्या गारठ्यात वेलीखाली उलटी छत्री धरून वेल हलवायची. पटापट पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. असे कितीतरी मी साबणाच्या पाण्यात बुडवलेत. अजिबात वाईट वाटलं नाही.

तेव्हा मी भुंगेऱ्यांना कवटाळून बसणारी बाई नाही, हे आधीच सांगते.

नवरा इगतपुरीला रेल्वेत. चांदवडकडची द्राक्षबाग मी आणि धाकटे दीर बघतो. बघतो म्हणजे राबतो दोघं, ठरवतात ते. गेल्या जानेवारीत खोडांवर मिलीबग चढला, पांढरा, कापसासारखा. भाऊजींनी लगेच ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला. मी वाकून बघितलं, तर त्या पांढऱ्यातले काही चक्क पळत होते. मिलीबग कुठला पळतोय! तो बूड टेकून रस पितो. पळणारी ती दुसऱ्याच भुंगेऱ्याची अळी. अंगावर तसाच कापूस, पण खाणं मिलीबगचं. मोठी झाली की काळी पाठ, तांबडं डोकं. वेलीच्या डोळ्याला ती शिवतसुद्धा नाही.

"वहिनी, भुंगेरा तो भुंगेरा," भाऊजी ट्रॅक्टरवरूनच म्हणाले. "उडद्यानं काय केलं, इसरल्या का?"

"उडद्यानं केलं ना? मग शिक्षा हिला का?"

"सुक्याबरोबर ओलं जळायचंच."

माझं डोकंच फिरलं. थोरल्या जावेनं वाटणी मागितली, तेव्हापासून या घरात सगळ्या सुना घरफोड्या. तेव्हाही हीच म्हण होती! मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. म्हटलं, "मारा आधी माझ्यावर."

ब्लोअर बंद झाला. "ह्या चार ओळी तुमच्या," ते चिडून म्हणाले. "गेल्या, तर परत बागेत तोंड उघडायचं नाय."

"कबूल. आणि वाचल्या, तर फवारणी मला विचारून."

बाकीची बाग त्यांनी फवारली, तिथल्या अळ्याही मेल्या. काढणीपर्यंत तिथं मिलीबग पुन्हा चढला, घड चिकट, काळे पडले. माझ्या ओळींतले घड स्वच्छ होते. एका सकाळी बघते तर भाऊजी माझ्याच ओळीत उकिडवे बसलेले, हातात गवताची काडी, खोडावरचं पांढरं टोचत होते.

"वहिनी, ह्यातली पळणारी कोणती? माझ्या ओळीत सोडायची हाय."

मी बोट ठेवून दाखवली. "ही. हे ओलं, भाऊजी. हे जळू द्यायचं नसतं."