परमुलखातला पहारा

मंचरच्या चौकात माझा फ्लेक्स लागला तेव्हापासून मी त्या चौकातून जायचंच टाळत होते. डोक्यावरून पदर, गळ्यात वीणा, हात जोडलेले, आणि वर ठळक अक्षरांत 'परदेशी धर्मप्रचारासाठी प्रस्थान'. परदेश कुठला, तर नेपाळ. आमच्या सेवामंडळाने श्रावणात तिथल्या एका डोंगरी गावात आठवडाभर सेवा करायचं ठरवलं होतं. दिवसा शाळेची पडलेली भिंत बांधायची, संध्याकाळी भजन-कीर्तन करायचं. कीर्तनाचं काम माझं. धाकट्या भावाने त्या फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढला आणि म्हणाला, "पासपोर्टावं शिक्का न्हाई आन् म्हनं फॉरेन रिटर्न." अवसरी बुद्रुकला आमच्या घरात मला कुणी फारसं डोक्यावर घेत नाही, आणि ते बरंच आहे.

पण माझी खरी अडचण वेगळी होती. कॉलेजात असल्यापासून मी कीर्तन करते. भार देवावर टाका, शरण जा, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत उठवलं तरी सांगेन. तरी वर्षभरापासून ते मला स्वतःलाच पोकळ वाटायला लागलं होतं. मी कधी कशाचा भार कुणावर टाकला होता? एसटीत उभी असले तरी मी माझी पिशवी दुसऱ्याच्या मांडीवर देत नाही. निघायच्या आधी लेण्याद्रीला गेले, पायऱ्या चढून गिरिजात्मजापुढे उभी राहिले आणि मनात म्हणाले, 'देवा, तुझ्याबद्दल बोलून बोलून माझी जीभ झिजली, आता एकदा तूच काय ते बोल.' देवाला असं टोचून बोलायची मला खोडच आहे.

देवाने आधी माझाच आवाज बंद केला. रेल्वे, बस, मग जीपचा धुळीचा रस्ता, आणि गावात पोचेपर्यंत माझ्या घशातून फक्त हवा यायला लागली. प्रचारक म्हणून आलेली मी पहिल्याच संध्याकाळी एका कोपऱ्यात गरम पाणी पीत बसले आणि कीर्तनाऐवजी नानांनी नुसता हरिपाठ घेतला. नाना येडगावचे. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस. सप्ताह कुठल्याही गावात असो, वीणेच्या पहाऱ्याला नाना हजर. आमच्याकडे अखंड हरिनामाचा सप्ताह बसला की सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं, त्याची पाळी संपली की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. जेवणं होवोत, पाऊस पडो, लाइट जावो, वीणा खाली ठेवायची नाही. नानांचं अर्धं आयुष्य या पाळ्या लावण्यात गेलं आहे. माझा रडवेला चेहरा बघून ते म्हणाले, "महाराज, घसा बसला तर बसू द्या, हात हायेत ना शाबूत? उद्या इटा उचला." मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी विटा उचलल्या.

त्याच दिवशी दुपारी वरच्या डोंगराची कड घसरली. गावात कुणाला इजा झाली नाही, पण खालचा रस्ता दरीत गेला, विजेचे खांब गेले, मोबाइलची रेंज गेली. आणि त्या धसक्याने म्हणा, धावपळीने म्हणा, गावातल्या पवित्रा नावाच्या पहिलटकरणीला अवेळी कळा सुरू झाल्या. आठवाही लागला नव्हता तिला. तिचा नवरा कामासाठी दूर आखातात, घरात फक्त सासू. गावाच्या आरोग्य चौकीत सरिता नावाच्या एकट्या सिस्टर होत्या. आमच्यातली बाई म्हणून तेव्हा गावात मी एकटीच होते, म्हणून त्यांनी मला हाताखाली घेतलं. मुलगी झाली. सिस्टरच्या दोन तळहातांत मावेल एवढी. रडलीसुद्धा धड नाही, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी केलं आणि गप्प झाली.

सिस्टर हिंदीत मला समजावत होत्या. वीज नाही, म्हणून ऊब द्यायची पेटी नाही. रस्ता नाही, म्हणून दवाखाना नाही. ढग इतके उतरलेले की हेलिकॉप्टर मागवायला माणूस चालत गेला तरी ते येणार नाही. एकच उपाय, बाळ उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायचं. आईचं दूध काढून थेंब थेंब पाजायचं. श्वास घ्यायचं विसरलं तर पाऊल चोळायचं. "इसको नीचे मत रखना," त्या म्हणाल्या. "ठंडी पड़ गई तो गई." पवित्राने तिला घेतलं, पण तिचं रक्त बरंच गेलेलं, त्यात ताप चढला आणि ती थरथर कापायला लागली. तिच्याजवळ ठेवण्यात अर्थ नव्हता. सिस्टरना तिच्याकडे बघायचं होतं. मग राहिलं कोण? मी अंगातल्या कामाच्या सदऱ्याची बटणं सोडली आणि ती मुलगी छातीशी घेतली. ओल्या चिंधीसारखी गार होती ती. मला इतकी भीती वाटली की मीच श्वास घ्यायचं विसरले.

दारात नाना उभे होते, बाहेरून सगळं ऐकत. म्हणाले, "खाली ठिवायचं न्हाई म्हंजी ईनाच की ही." आणि तिथल्या तिथे त्यांनी पाळ्या लावायला घेतल्या.

पाळ्या लावायला माणसं मात्र नव्हती. आमच्यातले बाकीचे त्या दिवशी सकाळीच सामान आणायला खाली गेले होते, ते धसलेल्या रस्त्यापलीकडेच अडकले. गावातल्या बायका दाराशी यायच्या, डोळे पुसायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. नाव ठेवेपर्यंत बाळ-बाळंतिणीला शिवायचं नाही, अशी तिथली रीत. त्यांना मी काय बोलू? आमच्याकडेही सोयर असतंच. पवित्राची सासू, जिला सगळं गाव आमा म्हणायचं, ती चुलीवर पाणी तापवून देई, कपडे वाळवून देई, पण हात आखडून. तिचं स्वतःचं एक मूल तान्हेपणीच गेलेलं होतं. आपल्या हातून काही विटाळलं आणि देव कोपला तर, या भीतीने ती अर्धी झाली होती. तेव्हा पहारा माझा आणि नानांचा. नाना बंडी काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, बाळाला छातीशी उपरण्याने बांधून घ्यायचे आणि उभेच राहायचे. सिस्टर म्हणत होत्या, बाबा, बसा ना. नाना मला मराठीत म्हणाले, "त्यांना सांग, ईना घिऊन बसत्यात का कुठं?" शेवटपर्यंत बसले नाहीत. चौकीच्या त्या एवढ्याशा खोलीत 'राम कृष्ण हरी' पुटपुटत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायचे.

आणि प्रत्येक पाळीला ते माझ्या पाया पडायचे, मी त्यांच्या. पहाऱ्याची रीतच ती, वीणा देणाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय घ्यायची नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पण एकदा पवित्राचा ताप जरा उतरला, तिने थोडा वेळ बाळ घेतलं, आणि ते परत घेताना नाना सवयीने वाकून तिच्या पायांना हात लावून मोकळे झाले. ती पोर घाबरून ओरडलीच. आमाच्या हातातलं भांडं पडलं. म्हाताऱ्या माणसाने सोयर असलेल्या सुनेच्या पाया पडायचं, हे त्या घरात कधी कुणी बघितलं नव्हतं. मी मोडक्या आवाजात, मोडक्या हिंदीत सांगत सुटले, की आमच्या सप्ताहात असं असतं, हा नमस्कार माणसाला नाही, ज्याच्याकडे देव होता त्याला असतो. त्यानंतर आमा चूल सोडून दाराजवळ येऊन बसली.

तरी दोन माणसांनी किती दिवस पहारा द्यावा? नानांना खोकला लागला आणि सिस्टरनी त्यांना बाळाजवळ यायची बंदी केली. मग मी एकटी. एकटी म्हणजे मी एकदम माझ्या मूळ स्वभावावर गेले. कुणी घ्यायला आलं असतं तरी मी दिलं नसतं. ती मुलगी माझ्या बरगड्यांवर टिचभर श्वास घ्यायची आणि मी प्रत्येक श्वास मोजत जागी. डोळे चुरचुरत होते, पाठ मोडली होती. एका पहाटे माझा डोळा लागला आणि दचकून बघते तो ती हलत नव्हती. पाऊल चोळलं, पुन्हा चोळलं, तेव्हा कुठे तिने सुस्कारा टाकला. मी ढसाढसा रडले. आणि लेण्याद्रीला बोलले होते ते आठवून देवाला म्हणाले, 'बोल म्हणाले होते मी, मारून टाक नव्हतं म्हणाले.'

उजाडल्यावर एक बाई आली. गावची नव्हती. डोक्याला पट्टा लावून पाठीवर टोपलीने ओझी वाहणारी, धसलेल्या वाटेमुळे अलीकडच्या बाजूला अडकून पडलेली. पावसाने भिजलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. दाराशी टोपली उतरवली, आत बघितलं, आणि कुणाला काही न विचारता बाहेर जाऊन साबणाने हात, तोंड, छाती खसाखसा धुऊन आली. सिस्टरनी दिलेलं कोरडं फडकं अंगाला लावलं आणि माझ्यापुढे हात पसरले. मी बाळ आणखी घट्ट धरलं. खरं सांगते, मला ती नको होती. कोण कुठली, ओझी वाहणारी, हिला काय कळणार श्वास कुठे अडकतो ते. खिडकीबाहेरून नाना बघत होते. खोकत म्हणाले, "पाळी सपली तुजी, पोरी. दे."

मी दिलं. गाठ सोडता सोडता मी ती एकदा पुन्हा आवळली. बाळ तिच्या छातीशी गेलं आणि मी वाकून तिच्या चिखलाच्या पायांना हात लावला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड आणि गरम. मग मला काही आठवत नाही. मी तिथेच फरशीवर आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं. बाळ त्या बाईकडे नव्हतं. उठून बघते तर बाळ होतं आमाच्या छातीशी. म्हातारी उभी होती, बसली नव्हती, आणि नानांसारखीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती. ओठांत तिच्या देवाचं नाव. आणि दाराबाहेर ओसरीवर गावातल्या बायका ओळीने बसलेल्या, हात धुऊन, आपापल्या पाळीची वाट बघत. परक्या बाईने बाळ घेतलं, देव कोपला नाही, बाळाचे ओठ उलट गुलाबी झाले, हे आमाने डोळ्यांनी बघितलं आणि ती उठली, असं सिस्टरनी मला नंतर सांगितलं. आमा उठली म्हटल्यावर गाव उठलं. माझ्यादेखत आमाने बाळ एका शेजारणीला दिलं आणि ती शेजारीण आधी वाकून आमाच्या पाया पडली. खिडकीतून नाना माझ्याकडे बघून हसले. माझ्या घशातून शब्द फुटत नव्हता, पण तेवढ्यात माझं सगळं कीर्तन झालं होतं.

त्यानंतर त्या मुलीला कधीही जमीन लागली नाही. नानांच्या तोंडचं ऐकून सगळं गाव तिला 'इना' म्हणायला लागलं होतं. आमचा परतीचा दिवस आला तेव्हा पलीकडच्या बाजूला ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती, पण मधला रस्ता म्हणजे नुसता चिखलाचा उतार, एका माणसाने बाळ घेऊन ओलांडावा असा नव्हताच. नानांनी माणसं उभी केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गावच्या बायका-पुरुष दोर धरून ओळीने उभे राहिले, पलीकडून आमची मंडळी येऊन मिळाली. आणि इना एका छातीवरून दुसऱ्या छातीवर निघाली. उतारावर वाकून पाया पडता येत नव्हतं, म्हणून जो तो कपाळ टेकवून देत होता. मी मध्यावर होते. माझ्याकडे आली तेव्हा तिने डोळे उघडले होते, काळेभोर. मी तिला पुढच्याकडे दिलं, आणि या वेळी क्षणभरही धरून ठेवलं नाही. मागून पवित्राला टोपलीत बसवून पाठीवर घेऊन आली ती तीच बाई, एकेक पाऊल दाबून टाकत. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं तेव्हा दरीच्या दोन्ही बाजूंनी जो जयघोष झाला, तसा मी आमच्याकडे काल्याच्या कीर्तनालाही ऐकलेला नाही. माझाही आवाज त्यात होता. केव्हा उघडला मला कळलं नाही.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. वळून बघितलं तर टोपली पाठीला लावून ती वाटेला लागलीसुद्धा होती. सिस्टरना विचारलं, आमाला विचारलं, कुणालाच ती ठाऊक नव्हती. ती कोण होती यावर मी वाद घालणार नाही. चिखलाने भरलेली, दमलेली बाई होती एवढं मी पाहिलं आणि तिच्या पाया पडण्यात माझी चूक झाली नाही एवढं मला ठाऊक आहे.

सरिता सिस्टर अधूनमधून व्हिडिओ कॉल करतात. इना आता मांडीवर बसते आणि फोन दिसला की तो तोंडात घालते. आमा शेजारी बसून नानांची चौकशी करते. परवा आमच्या गावचा सप्ताह बसला. माझ्या पाळीला मी वीणा गळ्यात घेतली आणि सवयीने तिच्या भोपळ्याखाली हात दिला, वरून पदर ओढला. समोर टाळ धरलेल्या बायका हसायला लागल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे सगळं एकटीने पेलून त्याच्या पायांवर नेऊन घालायचं. पाळी संपली तशी पुढची बाई आली, पाया पडली. मी वीणा तिच्या गळ्यात घातली, घरी गेले आणि गाढ झोपले.