दोन शेवग्यांचं घर

आमच्या घरी शेवगा शिजत नाही. नात विचारते, "काहून वं आजी?" मी खेकसते, "नाही आवडत!" साफ खोटं. एके काळी शेंगांच्या वरणावर मी जीव टाकायची.

मी नागपुरातल्या लकडगंजची. पोस्टात लागले आणि पहिली नेमणूक झाली पारशिवनीकडच्या एका खेड्यात. पिनकोड नुकताच आला होता, आणि पत्ता कसा आटोपशीर लिहावा हे साऱ्या गावाला शिकवायचा मला भारी सोस.

एक दिवस एक म्हातारी खिडकीशी आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला सोडून तिला हलता येत नव्हतं. लेक हुडकेश्वरला दिलेली. 'बापाचं काही खरं नाही, तुझं तोंड पाहायचं म्हणतो, कार्ड मिळताच निघ,' एवढं कुणाकडून तरी लिहून आणलं होतं. पत्ता तेवढा मी टाकायचा होता.

"लिव बाई, विहिरीपासून डाव्या हाताले, चक्कीच्या मागं, दाराशी शेवग्याची दोन झाडं..."

"मावशी, पत्ता सांगून राहिल्या का कथा?" मी उखडले. नागपूरच्या पोरीला ही हुडकेश्वर शिकवणार! लेकीचं नाव, आडनाव, हुडकेश्वर, नागपूर, पिनकोड. झालं, सुबक. बाकी सगळं गाळलं. तिला वाचता येत नव्हतं.

मग ती रोज यायची. "पोचलं असन ना वं?"

"पोचलं असेल की, मावशी."

आठव्या दिवशी ते कार्ड माझ्याच टेबलावर परत आलं. लाल शाईत शेरा होता: या नावाच्या तिघी, पत्ता अपुरा. माय वं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता. ते कार्ड मी खणात सरकवलं. आजही माझ्या पेटीत आहे.

त्याच दुपारी म्हातारी आली. डोळे कोरडे. "चार दिस दरवाज्याकडंच पाहून राहिला होता," म्हणाली. "जरा वाजलं का इचारे, आली का?" आणि तिनं नवं कार्ड पुढे केलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. मयताच्या कार्डाचा आमच्याकडे फाडतात, वाचण्याआधीच कळावं म्हणून.

एक शिवी तरी द्यायची होती तिनं मला. पण ती एवढंच म्हणाली, "आता सगळं लिव."

मी विहीर लिहिली, चक्की लिहिली, शेवग्याची दोन्ही झाडं लिहिली. कोपरा नसूनही सगळं मावलं. ते कार्ड दुसऱ्याच दिवशी पोचलं.