छापायला जागा नव्हती

माझ्या वडिलांच्या गाण्यांतून त्यांचं नाव मी काढून टाकलं. कुणी काढायला लावलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेला माणूस होतो, काय करतोय ते कळत होतं, तरी केलं. निलंग्यातल्या आमच्या गल्लीतल्या लोकांनी हे वाचावं, आणि माझ्यासारखे शिकायला म्हणून बाहेर पडून बाहेरचेच झालेल्यांनीही.

नांदेडच्या गाडीत बसवायला अप्पा स्टँडवर आले होते. एवढ्या मोठ्या मुलाची गादी त्यांनी खांद्यावरून आणली, माझ्या हाती दिली नाही. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचो. दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच धाकधूक. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होणं शक्य नव्हतं, म्हणून बायको आणि मुलीला निलंग्यात ठेवून मी निघालो. गाडी सुरू झाली तसं अप्पा खिडकीशी आले. म्हणाले, "शिकायच्या नादात पोट मारू नको. आन् तिकडं कुठं पेटी वाजत आसंल तर घडीभर थांबून ऐक." मला हसू आलं होतं. पेटी ऐकायला कुणी नांदेडला जातं का?

अप्पा गवंडी. दिवसभर भिंती बांधायचे आणि जयंतीच्या दिवसांत गायचे. गाणी त्यांची स्वतःची, पेटी जुनी, सोबत ढोलकी आणि कोरसला गल्लीतले चौघं. आमच्याकडे गायन पार्टीची रीत अशी, की गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं आणि कोरस ती ओळ पुन्हा पुन्हा उचलून धरतो. त्यांच्या विहिरीच्या गाण्याचा शेवट असा:

विहीर मी बांधली, बाई, पाणी पितं सारं गाव
घोटागणिक किसन म्हणे, ओठी राहू द्या माझं नाव

लहानपणी भोंग्यावरून हे 'किसन म्हणे' आलं की मला लाज वाटायची. वर्गातली पोरं दुसऱ्या दिवशी मला 'किसन म्हणे' म्हणूनच हाक मारायची.

नांदेडला खोलीत जोडीदार मिळाला तो इरफान. देगलूरचा, रसायनशास्त्रात संशोधन करणारा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. माझा पहिला पेपर परत आला तेव्हा मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्यानं माझ्या कानाला स्वतःचे हेडफोन लावले. "सर, पेपरला संदर्भ लागतात, गाण्याला न्हाई लागत. आइका गुमान."

मी ऐकत गेलो. कव्वाली, सारंगी, त्याच्या आजोळची तेलुगू गाणी, परभणीकडच्या पोरांचं रॅप. सारंगी पहिल्यांदा ऐकली त्या संध्याकाळी तळटिपा तशाच राहिल्या. इतकी वर्षं गाणं म्हणजे मला शेजाऱ्यांचा त्रास वाटायचा. आता पेपरची काळजी छातीवर बसली की मी इरफानला म्हणायचो, "काहीतरी नवं लाव." एकदा कव्वालीत शायराचं नाव आलं, तशी त्यानं मांडीवर थाप मारली. "ही शायराची सही हाय, सर. सही काढली तर माल कुणाचाबी." मला ते इतकं आवडलं की ती कव्वाली मी मोबाईलमध्ये ठेवून घेतली.

हे मी मुद्दाम सांगतोय. मला माहीत होतं.

माझा विषय लातूर जिल्ह्यातली लोकगीतं. प्रबंध द्यायच्या आधी एक तरी पेपर छापून यायला हवा होता, मुदत जवळ आली होती आणि गाणी कमी पडत होती. दिवाळीत घरी गेलो आणि अप्पांना मोबाईलसमोर बसवलं. त्यांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. एकामागून एक आठ गाणी म्हटली. मध्येच थांबून विचारायचे, "नीट भरून राहिला ना आवाज?"

नांदेडला आल्यावर मार्गदर्शक सरांचं जुनं वाक्य आठवलं: ज्याचा कर्ता माहीत आहे, त्याला लोकगीत म्हणता येत नाही. मी आठही गाण्यांच्या शेवटच्या ओळी कापल्या. खाली लिहिलं: पारंपरिक, रचनाकार अज्ञात. टाईप करताना कानात हेडफोन होते आणि तीच कव्वाली सुरू होती.

पेपर छापून आला. सरांनी पाठ थोपटली. अंक घेऊन मी घरी गेलो. अप्पा चौथी शिकलेले, अक्षर लावत वाचायचे. एकेका ओळीवरून बोट फिरवत ते विहिरीच्या गाण्याच्या शेवटाला आले आणि बोट थांबलं. पान उलटून पाहिलं, परत मागे आले.

"शेवटची ओळ ऱ्हायली की रे. छापायला जागा न्हवती का?"

मी म्हणालो, "हाव अप्पा. जागा नव्हती."

"आसंल. म्हागच आसतो कागद." मग त्यांचं बोट वर गेलं, लेखाच्या मथळ्याखाली. तिथं माझं पूर्ण नाव होतं: आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यांचा चेहरा उजळला. आईला हाक मारून म्हणाले, "आगं, हे बघ, हाय की किसन. ह्याच्या नावाच्या मधात बसवलाय मला."

त्या एप्रिलमध्ये जयंतीला मी गेलो होतो. अप्पा विहिरीचं गाणं म्हणत होते. 'पाणी पितं सारं गाव' झालं, कोरसनं पुढच्या ओळीसाठी तोंडं उघडली आणि अप्पांनी पेटीचा भाता मिटला. गाणं तसंच लोंबकळत राहिलं. ढोलकीवाले नामदेवकाका ओरडले, "किसना, नाव गिळलास का रं?" लोक हसले. अप्पा माइकमध्येच म्हणाले, "छापलंय तसंच म्हणावं लागतंय आता. पोरानं लई अभ्यास करून लिवलंय."

मी मंडपाच्या मागून निघालो ते नांदेडच्या गाडीतच बसलो. नंतर फोनवर बोलायचो, ते पेपरबद्दल विचारायचे आणि मी विषय बदलायचो. खरं काय ते सांगायला मी दिवाळी ठरवली होती. दिवाळीच्या आधीच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पेपर मागे घ्यावा लागेल. घेतला. निलंग्याला निघताना इरफाननं बॅग भरायला मदत केली आणि पहिल्यांदाच काही ऐकवलं नाही. आता अप्पांची गाणी कुठंच छापलेली नाहीत, आणि म्हणायला त्यांचा आवाजही नाही.

इतक्या वर्षांत घर म्हणजे काय, हे मी निलंगा आणि नांदेडच्या मध्ये शोधत राहिलो. आज विचाराल तर सांगेन, माझं खोटं खरं धरून ज्यांनी आपलं गाणं अर्धं केलं, ती माणसं म्हणजे घर. तिथं परत जाता येतं, पण निघालो होतो तसा माणूस होऊन जाता येत नाही.

सकाळची वेळ होती. आई चहा ठेवत होती. मी अप्पांच्या खाटेशी बसलो आणि विहिरीचं गाणं म्हणायला लागलो. सूर मला कधीच नव्हता. 'सारं गाव'पर्यंत आलो, पुढची ओळही म्हटली, 'किसन म्हणे' दोनदा म्हटलं, कोरस म्हणतो तसं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर हललं. ठेका होता की नुसतंच हललं, मला सांगता येणार नाही.

मग मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "अप्पा, जागा होती. लई जागा होती. ओळ मीच काढली. मला माफ करा."